सरासरीचा माणूस

एस.टी. स्टँडवर किंवा रेल्वेच्या फलाटावर एके काळी वजनाचे एक उंच यंत्र उभे असे. लाल-पिवळे दिवे, काचेआड गरगरणारी चक्री आणि पायाखाली हलणारी पायरी. नाणे टाकले की आत खडखडाट होई आणि एक जाडसर तिकीट खाली पडे. त्याच्या एका बाजूला नटाचा किंवा नटीचा फोटो, दुसऱ्या बाजूला वजन आणि दोन ओळींचे भविष्य. आम्हा भावंडांचे भांडण फोटोवरून होई, मोठी माणसे भविष्य वाचत. वजनाकडे कोणी फारसे पाहत नसे, आणि त्यात तसे काही चुकीचे नव्हते. नुसत्या वजनावरून माणसाबद्दल काय कळणार? सत्तर किलोचा माणूस लठ्ठ की सडपातळ, हे त्याची उंची कळल्याखेरीज कोण सांगेल?

वजन आणि उंची या दोन आकड्यांची सांगड ज्याने घातली तो वैद्य नव्हता, शिंपी नव्हता आणि पैलवान तर नव्हताच. तो आकाशातले तारे मोजणारा खगोलशास्त्रज्ञ होता. बेल्जियमच्या आदॉल्फ केतलेचे नाव आज किती जणांना ठाऊक असेल, सांगता येत नाही. पण डॉक्टरांच्या टेबलावर, विम्याच्या अर्जात, व्यायामशाळेच्या भिंतीवर आपल्याला जो 'बीएमआय' भेटतो, तो मूळचा त्याचा. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे, एवढेच ते गणित. उंची १.६५ मीटर आणि वजन ६५ किलो असेल तर उत्तर येते २३.९. शाळेतल्या मुलालाही जमेल असा हा भागाकार. पण उंचीचा वर्गच का, आणि हे उत्तर नेमके कोणाबद्दल काय सांगते, हे समजून घ्यायचे तर या माणसाच्या आयुष्यात डोकवावे लागते.

केतलेचा जन्म २२ फेब्रुवारी १७९६ रोजी घेंट या गावी झाला. गाव तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होते. तो १९ वर्षांचा होईतो ते डचांकडे गेले आणि पुढे १८३० मध्ये स्वतंत्र बेल्जियमचे झाले. म्हणजे फारसे न हलता या माणसाने तीन राजवटी पाहिल्या. वडील तो सात वर्षांचा असतानाच गेले. शिक्षण संपताच पोटासाठी मास्तरकी पत्करावी लागली, तीही गणिताची. मन मात्र कलेत रमलेले. तो चित्रे काढी, कविता लिही. जेर्मिनाल दांदलँ या मित्राबरोबर त्याने एक संगीतिकाही लिहिली आणि १८१६ मध्ये तिचा घेंटमध्ये प्रयोग झाला. हा दांदलँही पुढे गणिती म्हणून नावाजला. दोन गणिती मिळून संगीत नाटक लिहितात, हे आपल्या मराठी माणसाला तरी अजिबात अस्वाभाविक वाटू नये.

चित्रकाराच्या नजरेने माणसाच्या अंगाची प्रमाणे पाहण्याची सवय त्याला लागली ती या वयात. डोक्याच्या किती पट उंची, खांद्याच्या मानाने कंबर केवढी, हे हिशेब चित्रकार-मूर्तिकार शतकानुशतके करत आले आहेत. आपल्या शिल्पशास्त्रातही चेहऱ्याची लांबी हे माप धरून मूर्ती किती 'ताल' उंच घडवायची ते ठरते. फरक एवढाच की मूर्तिकार सुंदर माणूस कसा असावा ते सांगतो, आणि केतलेने पुढे खरी माणसे कशी असतात ते मोजायला घेतले.

१८१९ मध्ये घेंटच्या नव्या विद्यापीठातून त्याने शंकूच्छेदांवरच्या प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळवली आणि तो ब्रुसेल्सला शिकवायला गेला. तिथे त्याच्या डोक्यात वेधशाळेचे खूळ शिरले. या माणसाने तोवर दुर्बिणीतून आकाशाचा शास्त्रशुद्ध वेध कधी घेतलेला नव्हता. तरी सरकारला पटवून १८२३च्या अखेरीस तो ते काम शिकायला पॅरिसला रवाना झाला. मुक्काम जेमतेम तीन महिन्यांचा, पण आयुष्य वळवणारा. पॅरिसच्या वेधशाळेत त्याला तारे भेटले, आणि लाप्लास, फूरिए यांच्या वर्तुळात संभाव्यतेचे गणित भेटले.

हे गणित खगोलशास्त्रज्ञांच्या रोजच्या गरजेचे होते. एकाच ताऱ्याची जागा दहा जणांनी मोजली तर दहा उत्तरे येतात. कोणाचा हात हलतो, कोणाची नजर चुकते, कधी हवाच गढूळ असते. मग खरे उत्तर कोणते? सगळ्यांची सरासरी. थोड्या चुकीची उत्तरे पुष्कळ असतात, फार चुकीची मोजकी असतात आणि दोन्ही बाजूंना सारखीच पसरतात. आलेख काढला तर घंटेसारखा दिसतो. केतले हा आलेख मनात घेऊन परतला. त्याचे वेगळेपण असे की त्याने हीच घंटा ताऱ्यांवरून उचलून माणसांवर ठेवली.

वेधशाळेला मात्र मुहूर्त लागेना. बांधकाम सुरू झाले, १८२८ मध्ये त्याची नेमणूकही झाली, आणि १८३० मध्ये क्रांती पेटली. केतले तेव्हा इटलीच्या प्रवासात होता. इकडे त्याची अर्धवट वेधशाळा लढाईच्या गोंधळात सापडली. ती पुरी व्हायला १८३२ उजाडले. त्याच सुमारास त्याची नजर आकाशातून खाली वळली. ब्रुसेल्सच्या अनाथालयांतली, शाळांतली, इस्पितळांतली माणसे त्याने मोजायला घेतली. अगदी जन्मलेल्या अर्भकापासून म्हाताऱ्यापर्यंत. उंची वेगळी, वजन वेगळे, पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या.

माणसांना कपड्यांसह काट्यावर चढवावे लागे. मग कपड्यांचे वजन वजा कसे करायचे? त्याने तेही ठरवून टाकले. पुरुषांच्या वजनातला अठरावा भाग कपड्यांचा, स्त्रियांच्या वजनातला चोविसावा. आपल्याकडच्या नऊवारीतल्या आज्यांना काट्यावर उभे केले असते तर त्याला हा अपूर्णांक पुन्हा मांडावा लागला असता.

या खटाटोपातून १८३२ मध्ये वजनाचा तो नियम बाहेर आला. लाडवाचे उदाहरण घेऊ. दुप्पट व्यासाचा लाडू वळायचा तर दुप्पट नव्हे, आठपट ऐवज लागतो, कारण तो लांबी, रुंदी आणि जाडी अशा तिन्ही अंगांनी वाढतो. माणूस तसा वाढला असता तर पाच फुटी माणूस ५० किलोचा असताना त्याच प्रमाणातला सहा फुटी माणूस ८६ किलोचा भरला असता. प्रत्यक्षात तो ७२च्या आसपास असतो. म्हणजे उंच माणूस हा बुटक्याची फुगवलेली आवृत्ती नसतो. तो उंचीच्या मानाने अरुंद असतो. केतलेच्या आकड्यांत बाळाच्या पहिल्या वर्षी वाढ साधारण लाडवासारखी तिन्ही अंगांनी दिसली, पुढे मात्र वजन उंचीच्या वर्गाच्या जवळपास चालले. पौगंडावस्थेत ते थोडे उसळी घेते. पण पूर्ण वाढ झालेल्या स्त्री-पुरुषांची एकमेकांशी तुलना केली तर वर्गाचा नियम बऱ्यापैकी टिकतो. त्याला शोधायचा होता तो वाढीचा नियम. कोण लठ्ठ, कोण रोडका, कोणी जेवणात तूप कमी करावे, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच.

१८३५ मध्ये पॅरिसला त्याचा माणसावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यातून एक नवे पात्र जगापुढे आले. सरासरीचा माणूस. सरासरी उंचीचा, सरासरी वजनाचा, सरासरी वयात लग्न करणारा. मी कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्या अनुभवावरून सांगतो, याच्याइतके गाजलेले आणि याच्याइतके निर्जीव पात्र क्वचितच कोणी निर्माण केले असेल.

या पात्राला रक्तमांस मिळावे म्हणून केतलेने सैनिकांकडे धाव घेतली. एका वैद्यकीय नियतकालिकात स्कॉटलंडच्या ५,७३८ सैनिकांच्या छातीची मापे छापलेली होती. सर्वांत अरुंद ३३ इंच, सर्वांत रुंद ४८, आणि सरासरी चाळिसाला किंचित कमी. आलेख अगदी घंटेसारखा. त्याने कल्पना लढवली ती अशी. समजा एका जुन्या पुतळ्याच्या हजार प्रती करवून घेतल्या, तर प्रत्येक कारागिराच्या हातून थोडी थोडी चूक होईल आणि हजार छात्या याच घंटेत बसतील. मग हे सैनिक म्हणजे तरी दुसरे काय? निसर्गाला एकच माणूस घडवायचा होता, आणि आपण सगळे त्याच्या कमी-अधिक चुकलेल्या प्रती. गंमत अशी की ते आकडे मूळ तक्त्यावरून उतरवताना केतलेच्याच हातून चुका झाल्या. हे विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी दाखवून दिले. बँकेत संध्याकाळी खतावणी जुळेना म्हणून ज्याने घरचा चहा गार केला आहे, त्याला हे वाचून जरा बरे वाटते.

पण त्याच्या घंटेची करामत पाहायची तर फ्रान्सच्या लष्करभरतीचे प्रकरण पाहावे. एक लाख तरुणांच्या उंचीचे आकडे त्याच्या हाती आले. १ मीटर ५७ सेंटिमीटरपेक्षा बुटक्याला लष्करातून सूट होती. त्या रेषेखाली घंटेच्या हिशेबाने जितके तरुण असायला हवे होते, त्यापेक्षा दोन हजारांहून अधिक भरले, आणि रेषेच्या लगेच वर तितक्याच जणांचा तुटवडा. केतलेने निष्कर्ष काढला की एवढे लोक उंची चोरून लष्करातून सुटले. माप घेताना गुडघे वाकवले की मापणाऱ्याचे हात ओले केले, ते त्या आकड्यांत नाही. खोटे बोलणाऱ्या एकाही माणसाला न पाहता आकड्यांतून खोटे पकडण्याची ही फार जुनी आणि फार सुंदर गोष्ट आहे.

मोजण्याचे त्याला व्यसनच होते म्हणा ना. उल्कावर्षावांच्या तारखा, लायलॅकचे झाड कधी फुलते आणि त्याआधी किती ऊब साठावी लागते, फ्रान्समध्ये दरवर्षी किती जण गुन्ह्यासाठी कोर्टात उभे राहतात. या शेवटच्या मोजणीने मोठे वादळ उठवले. गुन्ह्यांचे आकडे वर्षामागून वर्ष जवळजवळ तेच येतात, तेव्हा गुन्ह्याची तयारी समाजच करत असतो आणि गुन्हेगार फक्त तो पार पाडतो, असे त्याचे म्हणणे होते. मग माणसाच्या इच्छास्वातंत्र्याचे काय, असे विचारत विद्वान तुटून पडले. त्याने स्वतः गणिताची शिकवणी दिलेल्यांत राजपुत्र आल्बर्ट होता, तोच पुढे राणी व्हिक्टोरियाचा पती झाला. १८४६ची बेल्जियमची शिरगणती त्याच्या देखरेखीखाली झाली आणि पुढे ती इतर देशांना नमुन्यासारखी वाटली. १८५३ मध्ये संख्याशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद ब्रुसेल्सला भरली ती त्याच्याच खटपटीने.

त्याला गुरुस्थानी मानणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होती. १८६० मध्ये लंडनच्या परिषदेत दोघांची भेट झाली. हातात दिवा घेतलेली परिचारिका एवढेच तिचे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकांनी उभे केले, पण ती आकड्यांची पक्की होती. हिंदुस्थानातल्या छावण्यांत लढाईपेक्षा रोगानेच सैनिक किती मरतात, हे आकड्यांनी दाखवण्यात तिचा मोठा वाटा होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. केतलेने दिलेल्या त्याच्या ग्रंथाच्या समासांत तिने भरभरून टिपणे केली.

१८५५ मध्ये केतलेला पक्षाघाताचा झटका आला. वय ५९. तो वाचला, पण स्मरणशक्ती पूर्वीची राहिली नाही. लिहिलेले विस्कळीत होऊ लागले, वाक्ये एकमेकांत अडकू लागली. तरी त्याने लेखणी खाली ठेवली नाही. वेधशाळेत मुलगा एर्नेस्ट हाताशी होता. १८७०च्या सुमारास मानवी शरीराच्या मापांवरचा त्याचा शेवटचा मोठा ग्रंथ आला. तरुणपणी चित्रकाराच्या नजरेने पाहिलेला माणूस सत्तरी उलटल्यावर पुन्हा त्याच्यासमोर उभा राहिला होता, अंगोपांगांच्या प्रमाणांसह. १७ फेब्रुवारी १८७४ रोजी ब्रुसेल्सला तो वारला. ७८ पुरी व्हायला पाच दिवस उरले होते.

त्याचा वर्गाचा नियम त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे कपाटात पडून होता. त्या काळात माणसाचे योग्य वजन ठरवले ते डॉक्टरांनीही नव्हे, विमा कंपन्यांनी. कोण लवकर मरतो यावर त्यांचा नफा-तोटा अवलंबून. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने उंचीनुसार आदर्श वजनाचे तक्ते काढले. त्यात माणसांची बांधणीही लहान, मध्यम आणि मोठी अशी वाटून टाकली होती. आता आपली बांधणी मध्यम की मोठी, हे ठरवायचे आपणच. ढेरी सुटलेला प्रत्येक गृहस्थ स्वतःला मोठ्या हाडाचा समजतो, हे कंपनीच्या ध्यानात आले नसावे.

१९७२ मध्ये अमेरिकेतल्या अँसेल कीझ या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांवर निरनिराळी सूत्रे तपासली आणि त्यांतल्या त्यात सोपे व बरे म्हणून केतलेचेच उचलले. त्याला नवे नाव दिले, बॉडी मास इंडेक्स. जुन्या नावातला केतले गळून पडला. नव्या नावाने मात्र जग जिंकले. १८.५च्या खाली कृश, २५च्या वर जादा वजन, ३०च्या वर लठ्ठ, अशा रेषा पुढे जागतिक आरोग्य संघटनेने आखल्या. वाढीचा नियम म्हणून जन्मलेला, हजारो माणसांच्या समूहासाठी बरा असलेला आकडा आता एकेका माणसाच्या गळ्यात पाटीसारखा अडकला.

खरे तर याच्या वीस वर्षे आधीच अमेरिकेच्या हवाई दलाने सरासरीच्या माणसाची परीक्षा घेतली होती. ४,०६३ वैमानिकांच्या अंगाची मापे घेतली होती, विमानातली बैठक सर्वांना बसावी म्हणून. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांतली दहा मापे निवडली आणि दहाही मापांत साधारण सरासरीत बसणारे किती, ते मोजले. १९५२च्या त्याच्या अहवालातले उत्तर होते, शून्य. केतलेचा माणूस विमानात चढलाच नव्हता.

आपल्या देशात या पाटीने वेगळाच घोटाळा केला. माझेच सांगतो. बँकेत असताना दरवर्षी वैद्यकीय तपासणी होई. माझी उंची १७० सेंटिमीटर, वजन ६४ किलो. म्हणजे आकडा २२. तपासणारे डॉक्टर तक्त्यावर बोट ठेवून पाठ थोपटत आणि मी शाखेतल्या जाड्या सहकाऱ्यांकडे दयेने पाही. चोपन्नाव्या वर्षी रक्तात साखर निघाली. जाडे सहकारी भेटायला आले, पेढे न घेता.

याचे उत्तर पुण्यातच होते. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी एक, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. केतलेच्या तराजूत दोघे समान. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात अर्भके मोजून याज्ञिकांच्या गटाने हे मूळ जन्मापर्यंत नेऊन दाखवले. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरतात, पोट लहान असते, पण कातडीखालची चरबी बऱ्यापैकी शाबूत असते. दिसायला किरकोळ, आतून गुबगुबीत. भारतीयांसाठी २५ऐवजी २३ पासूनच सावध व्हावे, असे आपल्याकडचे तज्ज्ञ सांगू लागले ते यामुळे. सुरुवातीचा तो २३.९वाला माणूस म्हणूनच युरोपच्या तक्त्यात निश्चिंत आणि आपल्या तक्त्यात जादा वजनाचा ठरतो.

चरबी किती याइतकेच ती कुठे, हेही महत्त्वाचे. मार्सेच्या जाँ व्हाग या डॉक्टरने १९४७ मध्येच हे मांडले होते. मांड्या-नितंबांवर बसलेली चरबी त्या मानाने निरुपद्रवी, पोटाभोवतीची मधुमेहाला आमंत्रण देणारी. बीएमआयला हा फरक दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञमंडळानेही नुसत्या बीएमआयवर लठ्ठपणाचे निदान करू नका, कंबर किंवा चरबीही मोजा, असे सांगितले. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८०च्या आत असावी, असे आपल्याकडचे माप आहे. मोजायची ती पँटचा पट्टा जिथे बांधतो तिथे नव्हे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास साधा सोडून, पोट आत न ओढता. शेवटची अट पाळणे पुरुषांना जड जाते, विशेषतः टेप बायकोच्या हातात असेल तर.

टेप नसेल तर त्याहून सोपी युक्ती आहे. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, अशी शिफारस ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यसंस्थेने २०२२ मध्ये केली. आपल्या उंचीएवढी सुतळी कापायची, मधोमध दुमडायची आणि कमरेभोवती गुंडाळायची. दोन्ही टोके सैलसर भेटली तर बरे. ना भागाकार, ना वर्ग, ना सरासरी. तुमची सुतळी तुमच्याच उंचीची, तिची तुलना कोणा स्कॉटिश सैनिकाशी नाही.

माझी सुतळी देवघराच्या खणात असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती बाहेर निघते. सुरुवातीला टोकांमध्ये वीतभर अंतर होते. या महिन्यात ते चार बोटांवर आले आहे, आणि घरात यावर वाद चालू आहे की ही चार बोटे माझी धरायची की हिची.